जेटच्या भोकाची गोष्ट



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई आणि कामगार कायदे यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही एका भोकावर बोलणार आहोत. भोक सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेरचे, पण त्यापायी एका पोराचा पगार कापला गेला होता आणि तो आमच्या युनियनच्या कचेरीत येऊन बसला होता.

पोरगा सोलापूरचाच, अक्कलकोट रोडकडच्या एका गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली तयार झालेला. एका मालकाने त्याला कार्टच्या शर्यतीसाठी बरोबर नेले होते. कार्ट म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर एक खुर्ची, चार छोटी चाके आणि एक लहानसे इंजिन. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली. हा खेळ निघाला तो कारागिराच्या फावल्या वेळातून. श्रीमंतांचा तो मागाहून झाला. आपल्याकडे कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्सचे हे इंजिन ऑस्ट्रियाचे, १२५ सी.सी.चे, टू-स्ट्रोक. कार्बोरेटर मात्र इटलीचा, डेलॉर्टो कंपनीचा.

मालकाचे म्हणणे, पोराने जेट चुकीचे लावले म्हणून सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन सीझ झाले. पिस्टन, सिलिंडर सगळे गेले. पोराचे म्हणणे एवढेच, "अण्णा, मी सांगितलं होतं."

आम्हाला जेट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. चौथीनंतर जे शिकलो ते असेच, कोणाची तरी तक्रार सोडवताना. त्या पोराला समोर बसवून दोन संध्याकाळी शिकलो.

कार्बोरेटरच्या नळीचा मधला भाग निमुळता असतो. तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली हे मांडले. दाब उतरला की खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. जेट म्हणजे पितळेचा एक आटे पाडलेला तुकडा, मधोमध भोक. डेलॉर्टोच्या जेटवर १२० असे लिहिले असेल तर भोक १.२० मिलिमीटर, ११८ असेल तर १.१८. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. आणि आपली गॅरेजवाली पोरे जेट तुंबले की त्यात तार खुपसतात! एक ओरखडा पडला तरी आकडा बदलतो, वर जेटवर जुनाच आकडा कोरलेला राहतो. फुंकून किंवा हवा मारून साफ करावे, तार घालू नये.

आता हवामान. थंड हवा दाट असते, तापलेली विरळ. समजा दुपारी ३४ अंश होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १६. हवा सहा टक्क्यांनी दाट झाली. मग पेट्रोलही सहा टक्के जास्त येईल काय? नाही, तीनच टक्के येते, कारण पेट्रोलचा ओघ दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे मिश्रण तीन टक्क्यांनी पातळ झाले. ते भरून काढायला भोकाचे क्षेत्रफळ तीन टक्के वाढवायचे, म्हणजे व्यास दीड टक्का. ११८ च्या जागी १२०. दोन अंक! हे गणित आम्ही कागदावर मांडले तेव्हा पोरगा हसला. त्याने ते प्लगच्या रंगावरून आधीच काढले होते : प्लग काळा काजळलेला तर पेट्रोल जास्त, चहासारखा तांबूस तर ठीक, पांढुरका पडला तर इंजिन मरणाच्या दारात.

मरणाच्या दारात, कारण टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. पेट्रोल घटले की तेलही घटते. उष्णता वाढते, वंगण कमी होते, आणि मिनिटाला बारा-चौदा हजार फेरे घेणारे इंजिन चिकटते. गंमत अशी, की चिकटण्याच्या थोडे आधी ते सर्वांत चांगले पळते. मालकाला तेवढेच दिसले होते. सकाळी पोराने "दोन नंबर वर घेऊ" म्हटले, तेव्हा मालक म्हणाला, काल दुपारी याच जेटवर गाडी उडत होती, हात लावू नकोस.

आमच्या गिरण्यांतही हेच होते. हवा कोरडी पडली की सूत तुटायचे, आणि जाब मागावर उभ्या असलेल्या बाईमाणसाला विचारला जायचा.

पोराजवळ खिशातली एक डायरी होती. दोन रकाने : तपमान आणि जेटचा नंबर. शर्यतीच्या आधीच्या अकरा दिवसांच्या नोंदी, कधी सकाळच्या, कधी दुपारच्या. आम्ही ती घेऊन मालकाकडे गेलो. तो म्हणाला, आकडे काय, कोणीही लिहील. आम्ही म्हटले, शेठ, मग तुम्ही लिहिलेले दाखवा. त्याच्याकडे काहीच लिहिलेले नव्हते. कापलेला पगार तीन हप्त्यांत परत मिळाला. पोराला मात्र पुन्हा कामावर घेतले नाही, आणि त्यात आम्हाला काही करता आले नाही, हेही इथे सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, कार्बोरेटर आता गेलाच. ही विद्या शिकून काय उपयोग? खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन बसले. पण जुन्या लुना, जुन्या स्कूटर या गावात अजून आहेत, आणि त्यांच्यापुढे नवा प्रश्न उभा आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांतून इथेनॉल निघते, आणि २०२५ साली देशातल्या पंपांवर पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. एक भाग शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने पावणेपंधरा भाग हवा लागते. एक भाग इथेनॉलला नऊच. मिसळलेल्याला सुमारे साडेतेरा. जेट तेच ठेवले तर मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ. हिशेबाने १२० च्या जागी १२५ हवे. ऊस आपला, इथेनॉल आपले, आणि जुन्या गाडीचा पिस्टन चिकटला की दोष पुन्हा गॅरेजातल्या पोराचा.

तो पोरगा आता दुसऱ्या गॅरेजात आहे, जुन्या टू-स्ट्रोक गाड्या दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात आम्ही तिथे गेलो होतो. डायरी नवी होती. तिच्यात तिसरा रकाना पाडलेला दिसला : पेट्रोल कुठल्या पंपावरचे.