टिकटिक ऐकू येतेय ना?



आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, विषय काय घेणार? मी म्हटलं, टॅपेट. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आयुष्यातले टॅपेट, असं काही?" म्हटलं, नाही हो. इंजिनातलेच.

मी इंदूरचा. घरी मराठी, गल्लीत हिंदी. आमच्याकडे 1987 सालची मारुती व्हॅन आहे, बाबांनी नवीन घेतलेली. कायद्याने व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, तेव्हा आमची अजून त्या पंगतीत बसत नाही. पण तिला कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट. आणि हे इंजिन बॉनेटखाली नाही, पुढच्या सीटखाली आहे. गाडी चालवताना तुम्ही अक्षरशः इंजिनावर बसलेले असता. तिचं सगळं ऐकू येतं.

आमच्या व्हॅनचा एक ठरलेला आवाज होता. टिक-टिक-टिक, शिलाई मशीनसारखा. मला त्याची लाज वाटायची. 2022 च्या मार्चमध्ये मी एका गॅरेजमध्ये सांगितलं, "हा आवाज बंद करा." त्यांनी केला. इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं. मी खूश.

बाबा तेव्हा 76 वर्षांचे. कानाला मशीन. दोन दिवसांनी ते माझ्या शेजारी बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, टॅपेटचा आवाज येत नाहीये." मी म्हटलं, "बाबा, मशीनचा सेल बघा." ते काही बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसले.

आता हा आवाज कशाचा, ते सांगतो. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल घ्यायला एक व्हॉल्व्ह, जळालेला धूर सोडायला दुसरा. हे व्हॉल्व्ह रॉकर नावाचा एक छोटा दांडा दाबतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. माझ्या व्हॅनला, इंजिन थंड असताना, साधारण 0.15 मिलिमीटर. ती फट मिटताना जो ठोका पडतो, ती टिकटिक. इंजिन 3000 आरपीएमवर फिरतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो.

फट कशाला हवी? कारण धातू तापला की वाढतो. फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. धूर सोडणारा, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर आगीत उभा असतो. मिटल्यावर तो आपल्या बैठकीला टेकतो आणि अंगातली बहुतेक उष्णता तिथूनच हेडला देऊन मोकळा होतो. ते टेकणंच काढून घेतलं, तर तो जळतो. आवाज न करता जळतो.

त्यातच मी आणखी एक शहाणपणा केला. सप्टेंबरमध्ये रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होतं. खासगी गाडीला पहिली 15 वर्षं, मग दर 5 वर्षांनी तपासणी. इकडे पीयूसी बसत नव्हतं, आयडलला इंजिन लंगडत होतं. मी काय केलं? स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवला. पाव फेरा आत. जमेना. पाव फेरा बाहेर. आपण सगळे हेच करतो, कारण तो स्क्रू हाताला येतो.

मे महिन्यात धुळ्याला लग्न होतं. परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली, धामनोद मागे पडलं आणि माळव्याच्या पठारावर चढणारा घाट लागला. गाडीत मी, बाबा, आई आणि माझी नऊ वर्षांची मुलगी. दुसरा गिअर. अर्ध्या चढावर इंजिन फड-फड करायला लागलं आणि ताकद गेली. तीन सिलिंडरांतला एक गेला की एक तृतीयांश इंजिन गेलं. गाडी वळणावरच थांबली. मागे भरलेला ट्रक. त्याने ब्रेक दाबल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. त्याचा क्लीनर उडी मारून उतरला आणि त्याने आमच्या चाकाला दगड लावला. आई मुलीला घेऊन कठड्याकडे धावली. बाबांना उतरवायला मला वेळ लागला.

कठड्याशी बसल्यावरही बाबा "मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

गाडी ओढून इंदूरला आणली. दोन ठिकाणी सांगितलं, भंगारात द्या. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातातच घेतला नाही. आधी कॉम्प्रेशन मोजलं. दोन सिलिंडर ठीक, तिसरा पडलेला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने थोडा वेळ तरी आकडा वर गेला असता. नाही गेला, म्हणजे दोष व्हॉल्व्हचा. हेड काढलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने कुरतडल्यासारखी खाल्लेली होती. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "आवाज करे तो ठीक है. चुप हो जाए, तब डरो."

मी त्यांना विचारलं, "आणि माझा तो स्क्रू?" ते हसले. तो स्क्रू मुख्यतः आयडलपुरता. घाटात पाय खाली दाबला की पेट्रोल येतं ते मेन जेटमधून. मी दोन महिने जो स्क्रू फिरवत होतो, त्याचा चढावर काही संबंधच नव्हता.

त्यांनी मला एक क्रम शिकवला. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने तो लिहून घ्यावा.

पहिलं, टॅपेट. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो सकाळी. फीलर गेजची पट्टी फटीत घासत गेली पाहिजे, अडकता कामा नये आणि लोळता कामा नये. शंका आली तर किंचित सैल बरी, घट्ट नको.

दुसरं, प्लग आणि पॉइंट. पॉइंटची फट 0.4 ते 0.5 मिलिमीटर. पॉइंटचा टेकू झिजतो, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडायला लागते.

तिसरं, टायमिंग. ते पॉइंटनंतरच, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंग आपोआप बदलतं. उलट क्रमाने केलंत तर काम दोनदा. आणि उशिरा पडणारी ठिणगी इंजिन तापवते, ताकद खाते.

चौथं, हवेची गळती. कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट, व्हॅक्यूमच्या नळ्या.

आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, तो स्क्रू. इंजिन गरम, एअर फिल्टर साफ.

नवा व्हॉल्व्ह बसवला, बैठकीवर घासून घेतला आणि याच क्रमाने इंजिन जुळवलं. पीयूसी पहिल्या फेरीत झालं. रजिस्ट्रेशनही.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं. नव्या गाडीचा सेन्सर ते सांभाळून घेतो, आपल्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनलेल्या नव्हत्या, त्या फुगतात, तडकतात. आमच्या गाडीत त्या नळ्या सीटखालीच आहेत, इंजिनाजवळ. मी सगळ्या बदलल्या. तरी महिन्यातून एकदा सीट उचलतो, नळीवरून बोट फिरवतो, वास घेतो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आज घरी गेल्यावर एवढं तरी करा.

आता आमच्याकडे दर 5000 किलोमीटरला टॅपेटची सकाळ असते. मी सीट उचलतो, कव्हर काढतो. बाबा स्टुलावर बसतात. त्यांना कमी ऐकू येतं, कमी दिसतं. पण पट्टी फटीत घालून मागे ओढणं हे बोटांचं काम आहे. सहा व्हॉल्व्ह, सहा वेळा. ते "सैल" म्हणतात, "घट्ट" म्हणतात किंवा नुसती मान हलवतात. मी पाना फिरवतो. नंतर गाडी सुरू करतो आणि त्यांना विचारतो, "बाबा, टिकटिक ऐकू येतेय ना?"

कधीकधी ते म्हणतात, "थांब, सेल बघतो."