मोत माउलीच्या दिव्यांत



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही विद्वान नव्हे आणि उपदेशकही नव्हे. सबब आमच्याच घरी घडलेली एक साधी हकीकत आपणांपुढे ठेवतो.

आमच्या थोरल्या बंधूंचे व आमचे घर वसईच्या एकाच वाडीत आहे. मध्ये एक विहीर आहे. त्या विहिरीच्या वाटेवरून आम्हां दोघांत तंटा झाला, वाटणीची भिंत उठली, आणि तीन वर्षे बोलणे बंद राहिले. नाताळ आला की दोन्ही घरे दिव्यांनी झगमगत. परंतु, सत्य सांगावयाचे तर, त्या दिव्यांत भक्ती थोडी व ईर्ष्या फार होती. त्यांनी एक माळ लावली की आम्ही दोन लावीत असू. त्यांचा तारा उंच दिसला की आमचा त्याहून वर चढे. येणारेजाणारे वाखाणीत. आमची वृद्ध आई मात्र ओट्यावर बसून नुसती पाहत असे.

गेल्या नाताळात ती म्हणाली, "मला वांद्र्याच्या डोंगरावरचे दिवे पाहायचे आहेत. दोघांनीही यायचे, एकट्याबरोबर मी येणार नाही." आईचा शब्द मोडवेना. दोन्ही कुटुंबे मुलाबाळांसह वसई रोड स्थानकावरून निघाली. गाडीत आई मध्ये बसली. मुले एकमेकांत मिसळली. आम्ही दोघे मात्र दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर पाहत राहिलो.

वांद्र्याचे मोत माउलीचे देवालय आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेच आहे. आजची इमारत 1904 साली उभी राहिली, आणि 1954 साली तिला बॅसिलिकेचा मान मिळाला. पवित्र मरियेच्या मूर्तीविषयी परंपरा अशी आहे की, 1700 च्या सुमारास समुद्री चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला. मूर्ती भंगली, तरी तिला आई म्हणून हाक मारणाऱ्यांची रीघ तुटली नाही. ख्रिस्ती काय, हिंदू काय, पारशी काय, सर्व जातींचे लोक तिच्या पायांशी येतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. देवालय दिव्यांनी उजळले होते. मुले हर्षाने ओरडू लागली. बाहेर मेणबत्त्यांची दुकाने होती. तेथे मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरेही मिळतात. ज्यास जे मागणे असेल, त्याने ते घ्यावे व माउलीस अर्पण करावे. आईने कमरेचा बटवा काढला आणि मेणाचे एक घर विकत घेतले.

थोरले बंधू म्हणाले, "आय, घर कशाला? आपली दोन घरे आहेत की."

आई म्हणाली, "दोन आहेत, म्हणूनच एक मागते."

बंधुभगिनींनो, त्या क्षणी आम्हांस मान वर करवेना. ते इवलेसे घर हातात धरून आई पायऱ्या चढू लागली. तिचे पाय लटपटले. एका बाजूने आम्ही हात दिला. पाहतो तो दुसऱ्या बाजूने बंधूंनी दिलेला. दिव्यांच्या उजेडात, तीन वर्षांनी, आम्ही त्यांच्या मुखाकडे नीट पाहिले. केस बरेच पिकले होते. शेजारी राहूनही ते आमच्या दृष्टीस पडले नव्हते.

संत फ्रान्सिसांनी 1223 साली ग्रेचो गावी नाताळचा गोठा मांडला, तेव्हा आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन आले. प्रत्येकाचा दिवा वेगळा, परंतु सर्वांची वाट एकाच गव्हाणीकडे. आमचे दिवे मात्र एकमेकांचे डोळे दिपविण्यासाठी होते. भावाचे मुख दिसावे म्हणून आम्ही एकही लावला नव्हता. वेदीपुढे अर्पण नेणाऱ्याने प्रथम भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आम्ही किती वेळा ऐकली असेल! ती कळली मात्र मेणाच्या घरापाशी.

सर्व काही एका रात्रीत नीट झाले असे आम्ही म्हणणार नाही. भिंत अद्याप उभी आहे. परंतु विहिरीच्या बाजूस तिला आता एक फाटक आहे, आणि त्याला कुलूप नाही. या नाताळात दोन्ही घरांचा मिळून एकच तारा लावावयाचा असे ठरले आहे, आणि तो आईच्या ओट्यावर.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीस दिव्यांची रोषणाई झाली आहे. ती पाहावयास सहकुटुंब अवश्य यावे. मात्र येताना, ज्याच्याशी आपले बोलणे नाही, त्यालाही बरोबर आणावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे. मोत माउली आपणां सर्वांच्या घरांवर आपली कृपादृष्टी ठेवो.