चूक कोणाची?



२०२४ च्या पावसाळ्यात सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीस टेम्पोने मागून ठोकले. जमलेल्या मंडळींनी दोष मात्र माझ्याच माथी मारला. बाई चालवीत होती ना! घाबरून मी "चूक माझी" असे लिहून देणार होते.

तसे काही लिहून देऊ नका. गाड्या हलविण्यापूर्वी फोटो काढा, साक्षीदारांचे पत्ते टिपा, विमा कंपनीस लागलीच कळवा. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती नको. पूर्ण विमा असल्यास चूक कोणाचीही असो, आपली कंपनी सहसा भरपाई देते. कायद्याने सक्तीचा तेवढा 'थर्ड पार्टी' विमा असेल, तर मात्र समोरच्याचा दोष मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावा लागतो. माझा तेवढाच होता. दावा अजून चालू आहे. कोपऱ्यावरचा फुलवाला साक्षीस येतो म्हणाला आहे.