पाषाणातील नृत्य आणि पदवीचा कागद

(नृत्य-नाट्य शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर व त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलगी दहा-बारा वर्षे निष्ठेने नृत्य शिकते, एम. ए. होते आणि एके दिवशी घरी सांगते, ‘मला नृत्यातच पीएच. डी. करायची आहे.’ घरात क्षणभर शांतता पसरते. नाचायचे तर नाचावे, त्यात संशोधन ते कसले, असे वडिलांना वाटते. गुरूंची शंका निराळी असते. ग्रंथालयात बसून हिचा रियाज तर सुटणार नाही ना? दोन्ही शंका प्रामाणिक आहेत. त्यांचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा उदाहरणाने देणे उचित.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणांची लक्षणे आहेत. हात आणि पाय यांचा मेळ साधून होणारी नृत्यक्रिया म्हणजे करण. ही लक्षणे अत्यंत त्रोटक आहेत आणि ती प्रत्यक्ष करून दाखविणारी परंपरा काळाच्या ओघात खंडित झाली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, इ. स. १०१० च्या सुमारास, शिल्पींनी त्यांतील ८१ करणे कोरली. पुढच्या शिळा कोऱ्याच राहिल्या. चिदंबरमच्या गोपुरांत तर शिल्पांसमवेत नाट्यशास्त्रातील श्लोकही कोरलेले आहेत. अभ्यासकांनी ही शिल्पे पाहिली, वर्णिली. परंतु बहुधा स्थिर मुद्रा म्हणूनच.

डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी हाच विषय पीएच. डी.साठी घेतला. ज्या अण्णामलै विद्यापीठाने त्यांना पदवी दिली, ते चिदंबरमलाच आहे. एका हाती संस्कृत ग्रंथ, समोर पाषाण आणि या दोहोंची कसोटी पाहण्यासाठी स्वतःचे शिकलेले शरीर, अशी त्यांची प्रयोगशाळा होती. त्यांचा निष्कर्ष असा की, करण ही मुद्रा नाही; ती गती आहे. शिल्पीने त्या गतीतला एकच क्षण टिपला. कोणी आरंभीचा, कोणी मधला, कोणी अखेरचा. म्हणूनच एकच करण दोन मंदिरांत वेगळे दिसते. केवळ संस्कृत जाणणाऱ्याला हे सुचणे कठीण होते आणि केवळ नाचणाऱ्याला ते सिद्ध करणे कठीण होते.

या संशोधनाचे फळ महाराष्ट्रातही पाहावयास मिळते. कांचीचे परमाचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांच्या प्रेरणेने साताऱ्यात उभ्या राहिलेल्या उत्तर चिदंबरम नटराज मंदिरासाठी १०८ करणशिल्पांची योजना पद्माताईंनीच केली. २०२४ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांची पुनर्रचना सर्वांनाच मान्य आहे असे नाही. काही नर्तक व पंडितांनी मतभेद नोंदविले आहेत. पण मतभेदाला आधार मिळतो तो पुरावा मांडल्यावरच. संशोधन आणि भक्तिभाव यांतला फरक तो हाच.

दुसरे उदाहरण मुंबईचे. डॉ. कनक रेळे यांनी १९७० च्या सुमारास केरळात जाऊन मोहिनीअट्टमच्या वृद्ध नर्तकींचे नृत्य चित्रित करून ठेवले. त्या नर्तकींसमवेत जे लोपले असते, ते अभ्यासासाठी शिल्लक राहिले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘नालंदा’मधून पुढे विद्यार्थिनींच्या पिढ्या घडल्या.

आता विद्यार्थ्यांशी थोडे व्यवहाराचे बोलणे. २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी.ला किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे लागतात. नेट परीक्षेत नृत्य-नाट्य हा स्वतंत्र विषय आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे मासिक ३७,००० रुपये मिळतात. मात्र ती मोजक्यांनाच लाभते. प्राध्यापकाची खुर्ची हेच ध्येय असेल, तर पदे थोडी आहेत हे आधीच जाणून घ्यावे. दहा पुस्तके समोर ठेवून अकरावे रचायचे असेल, तर कृपा करून या वाटेला जाऊ नये.

कामाला तोटा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगविले, त्याच्या शतकाहून अधिक आधी तंजावरच्या भोसले दरबारात मराठी नाटके लिहिली गेली. शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) स्वतः लिहिली. त्यांच्या पोथ्या तंजावरच्या सरस्वती महालात आहेत. ती वाचणारे विद्वान झाले. परंतु ती रंगभूमीवर उभी कशी राहत, पात्र प्रवेश कसा करी, नृत्य कोठे येई, हे शोधायला मोडी व संस्कृत जाणणारा नट हवा. कोकणातील दशावतारी कलावंतांच्या अंगी जे आहे, तेही अद्याप पुरते टिपले गेलेले नाही. पोथी वाट पाहील. ऐंशीच्या घरातला कलावंत किती काळ पाहणार?

तेव्हा पालकांनी मुलीला ‘नोकरी लागेल का’ हे अवश्य विचारावे. तो त्यांचा अधिकार आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘तुझ्यावाचून काय हरवेल?’ याचे उत्तर तिच्यापाशी असेल, तर तिला जाऊ द्यावे. आणि तिने रोज सकाळी तासभर रियाज करूनच ग्रंथालयाची पायरी चढावी. बृहदीश्वराच्या कोऱ्या शिळा आजही कोऱ्याच आहेत. अभ्यासातल्या कोऱ्या जागा मात्र भरता येतात.