दरवाजा खरा कशावरून ?

पूर्वींचें चांदा, आजचें चंद्रपूर. या शहराभोंवतीं गोंड राजांनीं घातलेला दगडी तट अद्यापि उभा आहे. त्या तटास जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे असून पांच खिडक्या आहेत. त्यांपैकीं एकीचें नांवच चोरखिडकी. तटबंदीच्या काळीं पहाऱ्याची रीत सर्वांस परिचित होती. अपरात्रीं येणाऱ्यानें परवलीचा शब्द सांगावा, पहारेकऱ्यानें तो ताडून पाहावा, मगच दिंडी उघडावी. या रीतींत संशय एकाच बाजूचा होता. येणारा खरा कीं खोटा, एवढेंच पाहिलें जाई. दरवाजा खरा कीं खोटा, हा प्रश्न येणाऱ्याच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. कारण दगडाचा दरवाजा कोणास रातोरात दुसरीकडे उभा करतां येत नाहीं.

संगणकाच्या दरवाजाची गोष्ट निराळी आहे. नांव आणि परवलीचा शब्द विचारणारी ती चौकट म्हणजे प्रकाशाच्या पडद्यावरील एक चित्र होय. आणि चित्र कोणासही काढतां येतें.

यांत धोका काय, हें एका कल्पित प्रसंगावरून ध्यानांत येईल. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वांत आला. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा अशा दूरच्या तालुक्यांतील मनुष्यास जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला हवा असला, तर आज त्याची नोंद संगणकावरच होते. समजा, एखाद्या कचेरींत एकच संगणक तीन कारकून पाळीपाळीनें वापरीत आहेत. त्यांच्यांतील एकानें एक लहानशी आज्ञावली चालू ठेवली व तो उठून गेला. ही आज्ञावली प्रवेशाच्या चौकटीचें हुबेहूब सोंग घेऊन बसते. दुसरा कारकून येतो, आपलें नांव व परवलीचा शब्द लिहितो. आज्ञावली तो शब्द टिपून घेते, ‘शब्द चुकला’ असें दाखविते आणि बाजूस होते. कारकुनास वाटतें, बोट चुकलें. पुढें केव्हां तरी त्याच्या नांवानें भलताच दाखला मंजूर झालेला आढळतो. नोंद त्याची, हात दुसऱ्याचा ! चौकशी होते ती निरपराध्याची, आणि ज्याचा खरा हक्क तो मनुष्य चाळीस कोस चालून येऊनही रिकाम्या हातानें परततो.

गांवांत बहुरूपी फौजदाराचा वेष करून येतो, तेव्हां लोक हंसून त्याच्या झोळींत पसाभर धान्य घालतात. कारण तो बहुरूपी आहे हें सर्वांस ठाऊक असतें. या पडद्यावरील बहुरूप्यास मात्र कोणी ओळखीत नाहीं. त्यास ओळखावयाचें, तर सोंग घेणाऱ्यास साधतां येणार नाहीं अशी एखादी खूण हवी. ‘विंडोज’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या यंत्रप्रणालींत अशी खूण आहे. ती म्हणजे कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकाच वेळीं दाबणें.

या त्रयीचा जन्म दुसऱ्याच कामासाठीं झाला. १९८१ सालीं बाजारांत आलेल्या आय. बी. एम. कंपनीच्या संगणकासाठीं डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्यानें ती योजिली. अडून बसलेलें यंत्र नव्यानें सुरू करावें, एवढाच तिचा हेतु. चुकून एका हाताचा धक्का लागून चाललेलें काम बुडूं नये, म्हणून दोन हात लागतील अशाच कळा निवडल्या. पुढें १९९३ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज एन. टी.’ काढली, तेव्हां प्रवेशाची खूण म्हणून हीच त्रयी घेतली. इतर आज्ञावल्या सहसा तिच्या वाटेस जात नसत, हा तिचा मोठा गुण. बिल गेट्स यांनीं मात्र २०१३ सालीं, एकच स्वतंत्र कळ असती तर बरें झालें असतें, अशी कबुली दिली. खुणेमागील कल्पना त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें १९८५ सालच्या आपल्या नारंगी मुखपृष्ठाच्या नियमग्रंथांत वरच्या श्रेणीच्या यंत्रांस एक अट घातली होती. मनुष्य आणि यंत्राचा विश्वासू भाग यांच्यामध्यें तिऱ्हाइतास शिरकाव नसलेला एक मार्ग असावा, अशी ती अट.

तो मार्ग असा चालतो. यंत्र सुरू होतांच ‘विनलॉगॉन’ नांवाचा प्रणालीचा एक भाग या तीन कळा स्वतःकडे नोंदवून घेतो. नंतर त्या दाबल्या गेल्या, कीं वर्दी थेट त्याच्याकडे जाते. सामान्य आज्ञावलीस ती वर्दी मिळत नाहीं, अडवितांही येत नाहीं. मग विनलॉगॉन पडद्याचें सर्व दृश्य बदलून एक स्वतंत्र दालन पुढें आणतो. या दालनांत इतर आज्ञावल्यांस कांहीं रेखाटतां येत नाहीं व तेथें लिहिलेलें वाचतांही येत नाहीं. परवलीचा शब्द विचारला जातो तो येथें.

लिहिलेला शब्द पुढें ‘लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटी’ या अधिकाऱ्याकडे जातो. त्याच्या दप्तरींही तो शब्द जसाच्या तसा ठेवलेला नसतो. गणिताच्या एका रीतीनें त्याचें केलेलें पीठ तेवढें असतें. जात्यांतून पीठ पडतें, पिठाचे पुन्हा दाणे होत नाहींत. आतां लिहिलेला शब्दही त्याच जात्यांत घालून दोन्ही पिठें ताडून पाहतात. सोपा शब्द मात्र चोरास अंदाजानें दळून पाहतां येतो, म्हणून तो लांब असावा.

शब्द जुळल्यावर अधिकारी प्रवेश करणाऱ्यास एक बिल्ला देतो. त्यास टोकन म्हणतात. वनविभागांत बांबूच्या गाडीबरोबर वाहतूक परवाना असतो व नाक्यानाक्यावर तो पाहतात. त्याप्रमाणें प्रत्येक आज्ञावलीपाशीं या बिल्ल्याची प्रत असते आणि प्रत्येक दप्तर उघडतांना ती तपासली जाते. परवान्याचें मोल तो देणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून असतें. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं वनावरील सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचें परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातीं येण्यास २०११ साल उजाडलें. आणि त्या पुस्तकानेंच हक्क खरा झाला. संगणकांतही बिल्ले देण्याचें पुस्तक एकाच अधिकाऱ्यापाशीं राहतें, म्हणून त्याच्याकडे जाणारा मार्ग जपावयाचा.

प्रवेश झाल्यानंतर त्याच कळा दाबल्या, तर सुरक्षेचा पडदा येतो. यंत्रास कुलूप लावणें, दुसऱ्या वापरणाऱ्यास जागा देणें, बाहेर पडणें, परवलीचा शब्द बदलणें आणि ‘टास्क मॅनेजर’ हीं कामें तेथें मांडलेलीं असतात. यांतूनच सोंग ओळखण्याची युक्ति निघते. पुढें प्रवेशाची चौकट दिसत आहे. तीन कळा दाबल्या. आणि शब्द विचारणाऱ्या चौकटीऐवजीं हीं पांच कामें पुढें आलीं. याचा अर्थ, कोणी तरी आधींच आंत शिरलेला आहे आणि दिसत होती ती चौकट खोटी होती. अशा वेळीं ‘बाहेर पडणें’ निवडावें व नव्यानें प्रवेश करावा.

घरगुती संगणकांवर आतां या कळांची सक्ति सहसा नसते. कचेरींत व्यवस्थापकास ती लावतां येते, आणि अनेकांचा हात लागणाऱ्या यंत्रावर ती लावलेली बरी. परंतु या खुणेची धांव मर्यादित आहे. कळफलक आणि यंत्र यांच्यामध्यें कोणी टिपणारें उपकरण बसविलें, तर तीन कळा कांहीं करूं शकत नाहींत. महाजालावरील बनावट पेढीच्या पानासही त्या ओळखीत नाहींत. खांद्यावरून पाहणारा डोळा, पडद्याच्या कडेस चिकटविलेली शब्दाची चिठ्ठी, चहास जातांना उघडें टाकलेलें यंत्र, या चोरखिडक्या मनुष्याच्याच हातच्या आहेत. जागेवरून उठतांना विंडोजच्या चिन्हाची कळ व एल ही कळ एकत्र दाबली, कीं यंत्रास कुलूप लागतें. तेवढ्यानें त्यांतील एक तरी बंद होते.

आपण खरे आहों, हें यंत्रास पटवून देण्याची संवय आतां घरोघरीं झाली आहे. यंत्राकडूनही तसाच पुरावा मागावा, ही दुसरी संवय त्याच्या जोडीस लागावयाची राहिली आहे. तीन कळा दाबण्यास एक क्षणही लागत नाहीं. आणि तेवढ्या क्षणांत, दाखल्यासाठीं दाराशीं ताटकळणाऱ्या मनुष्याचा हक्क व कारकुनाची अब्रू, दोन्ही राखलीं जातात.