न पाहिलेल्या माणसांचे आभार

(मंडळाच्या २०२४ च्या गणेशोत्सवात सभासदांच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण.)



व्याख्यान द्याल का, असे विचारायला सांस्कृतिक समितीतून फोन आला, तेव्हा मी विचारले, “विषय कोणता?” उत्तर आले, “काकू, तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरपुढे असता, त्यावरच बोला ना!” आता बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली एकाहत्तर वर्षांची बाई कॉम्प्युटरवर काय बोलणार? मी काही इंजिनिअर नाही. या हैदराबादेत घरटी एक इंजिनिअर आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे तंत्रज्ञानावर बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे. पण माझ्यावर काही माणसांचे उपकार आहेत, आणि त्यातली बहुतेक माणसे मी कधी पाहिलेलीसुद्धा नाहीत. बाप्पासमोर त्यांची आठवण काढावी म्हणून उभी राहिले आहे.

गोष्ट माझ्या वडिलांपासून सुरू होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा परभणीकडच्या एका खेड्यातले. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९४० साली, चौदाव्या वर्षी, मीटरगेजच्या गाडीत बसून ते शिकायला काचीगुड्याला उतरले आणि इथलेच झाले. शिक्षण सगळे उर्दू माध्यमात. त्यामुळे अण्णा अस्खलित मराठी बोलत, पण लिहायची वेळ आली की हात अडखळे. जमाखर्च आणि किराण्याची यादीसुद्धा शेवटपर्यंत उर्दूतच!

त्यांच्याजवळ आठवणींचा मोठा साठा होता. हाली सिक्क्यात मिळणारा पगार, सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश सरकारचे सहा हा हिशोब. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय फौजा शिरल्यावर, १३ तारखेपासून १७ तारखेपर्यंत, शेजारचे मुस्लिम कुटुंब आणि आमच्या घरचे लोक एकाच रेडिओभोवती बसून होते ती हकीकत. जेवताना ते सांगत आणि आम्ही “हो अण्णा, ऐकलंय” म्हणून हात धुवायला उठत असू. माणसे असतात तोवर आपले असेच असते.

२००२ साली त्यांनी स्वतःच म्हटले, “मी सांगतो, तू टाइप कर.” मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर मी १९९८ पासून टाइप करून देत होते, त्यासाठी मराठी फॉण्टचे सॉफ्टवेअर घेतलेले होते. ऑफिसातून आले, चहा झाला, की अण्णा आरामखुर्चीत आणि मी कॉम्प्युटरपुढे. वर्षभरात एकशे चाळीस पाने झाली. एक प्रिंट काढली, फाईल सीडीवर घालून ठेवली. २००५ साली अण्णा गेले.

पुढे एका पावसाळ्यात गच्चीवरच्या खोलीत पाणी शिरले आणि ती प्रिंट भिजली. इंकजेटची शाई ती, पानांवर नुसते निळसर डाग राहिले. वाचण्याजोगी अकरा पाने तेवढी उरली. तरी मी निर्धास्त होते, सीडी होती ना! २०११ साली जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आला. सीडी घातली, फाईल उघडली, आणि पडद्यावर डॉलर, टक्के, कंस, उलटेसुलटे स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. एकशे चाळीस पाने नुसती खिचडी! जुने सॉफ्टवेअर पुन्हा घालावे, तर ते चालायला मागे प्रिंटरच्या जागी एक छोटेसे कुलूप लावावे लागे, आणि नव्या कॉम्प्युटरला ती जागाच नव्हती. विक्रेत्याकडे चौकशी केली, तर ती आवृत्ती आता बंद झाली, एवढेच उत्तर मिळाले.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णा गेले तेव्हा रडले त्याहून जास्त रडले असेन. तेव्हा माझा काही दोष नव्हता. हे मात्र माझ्या हातून झाले होते.

झाले होते काय, ते मला पुढे कळले. आपण त्या काळी मराठी टाइप करत होतो असे आपल्याला वाटत होते, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच होते. आत इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवायचे आणि वर फॉण्टने देवनागरीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की खाली खिचडी. त्यात प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात लग्नपत्रिका किंवा जाहिराती छापून घेतल्या असतील, त्यांना हा अनुभव असेलच.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा, मग कंपनी कोणतीही असो. देवनागरीला त्यात १२८ घरे मिळाली. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६ आणि गणपतीच्या ‘ग’चा २३२७. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. म्हणजे मी २००२ साली टाइप करत होते तेव्हा उपाय निघालेला होता, पण आमच्या घरापर्यंत पोचलेला नव्हता.

आता आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाची गोष्ट. घरची भाषा तेलुगू, त्या वेळी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. शाळेत हिंदी शिकलेला असल्याने देवनागरी वाचता येई, पण मराठी अजिबात नाही. २०१२ च्या सुट्टीत त्याच्या आईजवळ मी रडगाणे गायले, ते त्याने ऐकले. म्हणाला, “आंटी, फाइल दिखाओ.”

त्याने इंटरनेटवर शोधाशोध केली. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे तक्ते कितीतरी लोकांनी स्वतः बनवून, कोणालाही वापरता यावेत म्हणून फुकट ठेवलेले होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. आमचा फॉण्ट नेमका कुठे सापडला नाही, पण त्याच्या जवळचा, हिंदीसाठी केलेला एक तक्ता मिळाला. तो घेऊन हा मुलगा बसला, शेजारी मी. हातात ती उरलेली अकरा पाने. पानावर काय आहे आणि फाईलमध्ये काय आहे, हे एकेक अक्षर ताडून तक्ता दुरुस्त करायचा.

गंमत बघा. जुन्या फॉण्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचे नेमके उलटे! ‘गर्व’ म्हणताना ‘र’ आधी येतो, पण जुन्या फॉण्टमध्ये रफार ‘व’च्या नंतर ठोकलेला. त्यामुळे सुरुवातीला वेलांट्या एका अक्षरावरून दुसऱ्यावर उड्या मारत होत्या. सतरा संध्याकाळी आम्ही हे काम केले. त्याची आई चहा आणून ठेवी आणि हसत जाई.

होता होता वाचता येईल असा मजकूर दिसू लागला. एके संध्याकाळी अण्णांच्या वसतिगृहाचे पान आले. घरून मनीऑर्डर आली नाही आणि खाणावळीचे पैसे थकले, तेव्हा तिथल्या स्वयंपाक्याने कोणाला न सांगता दोन महिने त्यांना जेवायला घातले, ही ती हकीकत. आणि पडद्यावर वाक्य होते, “त्या आचार्यांचे उपकार मी फेडू शकलो नाही.” मी म्हटले, अरे, हे चुकले. ‘आचार्यांचे’ नाही, ‘आचाऱ्यांचे’ पाहिजे! आचारी वेगळा आणि आचार्य वेगळा. हिंदीत हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ वापरत नाहीत, त्यामुळे हिंदीच्या तक्त्यात तो नव्हताच; त्याने आपला सरसकट रफार देऊन टाकला होता.

मग या ‘ऱ्या’साठी काय करायचे, म्हणून त्याने युनिकोडची यादी काढली. तिथे खाली नुक्ता असलेला एक वेगळा ‘ऱ’ सापडला. त्याचा अर्धा केला की आपला ‘ऱ्या’ उमटतो. आणि त्या अक्षरापुढे लिहिलेले होते की हे अक्षर दक्षिणेकडच्या भाषांमधला खास ‘र’ देवनागरीत लिहिण्यासाठी आहे. तो मुलगा खुर्चीतून उठलाच! म्हणाला, “आंटी, ये तो हमारा बंडी र है!” तेलुगूत जुन्या पद्धतीचा एक ‘र’ आहे, त्याला ते ‘बंडी र’ म्हणतात, बंडी म्हणजे बैलगाडी. मग त्याने हिशोबच मांडून दाखवला. तेलुगू ‘क’चा क्रमांक ३०९३, आपल्या ‘क’च्या बरोबर ७६८ घरे पुढे. ‘ग’ही ७६८ घरे पुढे, आणि हा ‘ऱ’सुद्धा तितकाच. दोन्ही लिप्यांची मांडणी एकाच क्रमाने केलेली, समोरासमोरच्या फ्लॅटसारखी! माझ्या अण्णांचा आचारी आचार्यांच्या गर्दीतून सुटला, तो दक्षिणेतल्या ‘र’साठी ठेवलेल्या अक्षराच्या मदतीने. हैदराबादच्या मराठी माणसाच्या आठवणींना याहून योग्य काय असणार?

दुरुस्ती करायच्या आधी तो एकदा म्हणाला होता, दोन्हींचा अर्थ सांगा. मी सांगितला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “दोनों सही है ना आंटी?” मला उत्तर सुचले नाही. अण्णांना त्या स्वयंपाक्याचे नावही शेवटपर्यंत कळले नव्हते.

एकशे चाळीसपैकी एकशे सदतीस पाने परत मिळाली. तीन पाने सीडीवरच्या ओरखड्याने गेली, ती गेलीच. मुलाने पैसे घेतले नाहीत. मी पुरणपोळ्या करून नेल्या, तर त्याची आई म्हणाली, ये तो हमारे बोब्बट्लु! असो.

त्यानंतर मी या उपकारकर्त्यांची थोडी माहिती मिळवू लागले. कवी आणि सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉण्ट केला, आणि ‘विंडोज २०००’ पासून तो कोट्यवधी कॉम्प्युटरांवर पोचला. जोशी सर २००८ साली गेले. आपण त्यांचे अक्षर रोज पाहत होतो, नाव किती जणांना ठाऊक होते? ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक करणाऱ्यांनी डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने ठेवली, आणि सगळ्या भारतीय भाषांचा ‘क’ एकाच कळीवर बसवला. मराठी विकिपीडिया २००३ सालच्या १ मेला, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. तिथे लिहिणारी माणसे एक पैसा न घेता लिहितात. यातल्या एकालाही माहीत नव्हते की हैदराबादेत एक बाई वडिलांची पाने शोधत बसली आहे.

इंटरनेटवर वाईट गोष्टीही भरपूर आहेत. खोट्या फॉरवर्डचा पाऊस आहे, बँकेच्या नावाने फोन करून लुबाडणारे आहेत. बँकेत नोकरी केली असल्याने तो विषय मला वेगळा सांगता येईल. पण २०२० च्या करोनात आपला उत्सव याच इंटरनेटवर झाला, आठवते ना? आरती म्हणताना प्रत्येकाचा आवाज मागेपुढे येत होता, पुण्याचे नातेवाईक दुसऱ्या कडव्यावर आणि आपण अजून पहिल्यावर. तरी त्या वर्षी ज्यांनी एकट्याने खोलीत बसून ती आरती म्हटली, त्यांना विचारा तिची किंमत.

आभार नुसते तोंडाने मानून भागत नाहीत, असे अण्णा म्हणत. म्हणून मी रोज सकाळी एक तास मराठी विकिपीडियावर शुद्धलेखन सुधारते. ‘आचार्यां’त अडकलेले पुष्कळ ‘आचारी’ मी सोडवले आहेत! तुम्हालाही हात जोडून सांगणे आहे. घरात जुन्या फॉण्टमधले काही पडले असेल, तर ते आज युनिकोडमध्ये करून घ्या, उद्या नको. प्रत एकाच जागी ठेवू नका. फोनमधल्या फोटोंना माणसांची नावे आणि साल लिहा, कारण तो कोण, हे सांगणारा तुमच्यानंतर कोणी नसेल. आणि घरातले म्हातारे माणूस काही सांगत असेल तर हात धुवायला जरा उशिरा उठा.

आपल्या मंडळाच्या १९९८ ते २००७ च्या स्मरणिकांच्या फाईलीही त्याच जुन्या फॉण्टमध्ये अडकल्या आहेत. त्यांची छापील पाने आणा, टाइप करायला मी बसते. तक्ता तयार आहे. समोरचा तो मुलगा आता परदेशी असतो, पण त्याने तक्ता नेटवर फुकट ठेवला आहे. कोण, कुठला माणूस तो वापरत असेल, त्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही.

 गणपती बाप्पा मोरया!