अर्ध्या अंशाची फट

आतापासूनच चुळबुळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

वसई पूर्वेच्या गाळ्यांत फर्निचर करण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा बोलणार ते लाकडावरच. प्लायवर व्हिनीअर चिकटवायचं, नक्षी हवी तर लेझरने कापून आणायची, हे आमचं आजचं काम. पण आपल्याच पश्चिम रेल्वेने उत्तरेला जा. सुरतेत मोजके कारागीर अजून सादेली नावाचं जडावकाम करतात. ते बघितलं की आमचं लेझर फिकं वाटतं.

ही कला इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे सुरत-मुंबईला आली असं मानतात. एकोणिसाव्या शतकात तिच्या पेट्या ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून साहेब लोक विलायतेला नेत. पेटी चंदनाची आणि वर चांदण्यांची बारीक नक्षी. तुम्हाला वाटेल, एकेक तुकडा चिमट्याने बसवला असेल. छे! आबनूस, तांबडं पतंगी लाकूड, हस्तिदंत, कथील यांच्या काडीसारख्या बारीक, त्रिकोणी कांड्या करायच्या, सरसाने जोडून त्यांची जुडी बांधायची आणि ती आडवी कापायची. अळूवडीचा उंडा कापावा तशी! प्रत्येक चकतीत तीच चांदणी. मग त्या पातळ चकत्या पेटीवर चिकटवायच्या.

आता भूमिती. एका बिंदूभोवती साठ अंशांचे सहा कोन बसतात, हे तुम्ही परीक्षेत लिहिता. अशा सहा कांड्यांची चांदणी करताना प्रत्येक कांडी अर्धा अंश कमी तासली तर? मधे तीन अंशांची फट! आणि चूक जुडीत असली की ती प्रत्येक चकतीत उमटते. एकीत दुरुस्त करून भागत नाही. पॉलिशखाली चुका झाकणाऱ्या आम्हा लोकांची इथे पंचाईत होते.

१९८६ साली देशी हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद झाला. बरंच झालं, हत्ती वाचले पाहिजेत. आता त्या जागी प्लास्टिक वापरतात. डोळ्यांना थोडं खटकतं, पण कोनाचं गणित तेवढंच कडक.

पुढच्या वर्षीच्या हस्तकला प्रदर्शनासाठी रंगीत क्लेच्या त्रिकोणी कांड्या करा, जुडी बांधा, ताणलेल्या दोऱ्याने चकत्या कापा. ज्याच्या चांदणीत फट नसेल, त्याने सुट्टीत माझ्या गाळ्यावर यावं; करवत धरायला मी शिकवीन. पडद्यामागे कोळीनृत्याची मंडळी ताटकळली आहेत, म्हणून थांबतो.